हेराल्डच्या डाव्या चाकासाठी

नाना पेठेत मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मी सगळी नोकरी केली, आणि मला मोटार चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. आता निवृत्त होऊन कर्वेनगरला राहतो. सोसायटीतल्या कुणाच्या गाडीतून आवाज येऊ लागला की मला खाली बोलावतात. मी आवाज ऐकतो, कुठला भाग बदलायला हवा ते बहुधा बरोबर सांगतो. मग ते म्हणतात, "जरा एक चक्कर मारून बघा ना." तिथे माझी पंचाईत होते.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. करमाळ्याला शाळा झाली, पुण्याला वसतिगृहात राहून बी. कॉम. झालो. वडील बाजारात हमाल होते. निकालाची बातमी घेऊन मी गेलो तेव्हा ते पोतं उतरवत होते. त्यांनी आडत्याला तेवढं सांगितलं, "पोरगं ग्रॅज्युएट झालं," आणि पुढचं पोतं उचललं. मला बँकेत लागायचं होतं. तोवर काहीतरी हवं म्हणून अत्तारशेठांच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो. अत्तारशेठांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. आधी टांग्यांचं सामान विकायचे, मग मोटारींचं. मी पदवीधर असल्याचं ऐकून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छान. मग शिडीवर चढता येत असेलच," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला 'ग्रॅज्युएट' याच नावाने हाक मारली. ढवळे हे माझं आडनाव त्यांना ठाऊक आहे, हे मला माझ्या लग्नात कळलं. आहेराच्या पाकिटावर लिहिलेलं होतं.

बँकेच्या परीक्षा आल्या आणि गेल्या. एकदा पासही झालो होतो. पण तोवर मला या कामाची गोडी लागली होती, आणि शेठांनी मला ज्या विश्वासाने वागवलं त्याची जाण ठेवून मी तिथेच राहिलो. त्याचा पश्चात्ताप नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे किराणा दुकानासारखं काम असणार. मागेल ते काढून द्यायचं. पण साखर मागणाऱ्याला साखर म्हणजे काय ते माहीत असतं. आमच्याकडे येणारा म्हणतो, "ते नाही का, चाकामागचं, गोल असतं." मोटारीत चाकामागे जे जे असतं ते बहुतेक गोलच असतं. म्हणून आमच्या पेठेची एक पद्धत होती. जुना भाग काढून आणा, काउंटरवर ठेवा, मग बोला. नमुना नाही तर विक्री नाही. यातून गमती व्हायच्या. एका गृहस्थांनी नमुना म्हणून बायकोची बांगडी आणली होती. "हिच्याहून किंचित मोठा रबरी वॉशर." तो बरोबर मिळाला. कॅम्पातले एक निवृत्त अधिकारी दाराची मूठ निघेना म्हणून अख्खं दार रिक्षात घालून घेऊन आले. शेठ म्हणाले, "साहेब, बरं झालं काच फुटली नव्हती. नाहीतर घर घेऊन आला असतात."

माझ्या वाट्याला हेराल्ड आली. नव्या वाचकांसाठी सांगतो: ही मद्रासला बनणारी छोटी मोटार होती. तिचं पुढचं सगळं झाकण, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटं उघडायचं. मग मेकॅनिकने खुशाल चाकावर बूड टेकावं आणि इंजिनाशी गप्पा मारत काम करावं. सत्तरीच्या दशकात ती बनायची बंद झाली. पुढे नव्या छोट्या गाड्या आल्या, तेव्हा पेठेतल्या बऱ्याच दुकानांनी हेराल्डचा माल किलोवर भंगारात काढला. त्यांना जागा हवी होती, त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. पण त्या खोक्यांत नंतर काय काय निघालं असतं, या विचाराने मला अजून हळहळ वाटते. शेठांनी मात्र आमची फळी ठेवली. "खपत नाही तो माल जुना होतो," असं मी एकदा बोललो होतो. ते म्हणाले, "तुम्ही पण खपत नाही आहात, ग्रॅज्युएट. तुम्हाला काढू का?"

बंद पडलेल्या गाडीचा भाग तीन ठिकाणी मिळू शकतो. कुणाच्या तरी फळीवर, लेथवर बनवून, नाहीतर उभ्या गाडीत. उभी गाडी म्हणजे भंगारात न गेलेली, पण चालतही नसलेली. आवारात, आंब्याखाली, जुन्या शेडमध्ये. अशा गाडीच्या मालकाशी बोलणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. प्रत्येक मालकाच्या मते गाडी पुढच्या वर्षी सुरू होणार असते. शेठांनी मला एक नियम घालून दिला होता. उभ्या गाडीचा मालक कागदावर बघायचा नाही. तिच्यात जाऊन बसतं कोण, ते बघायचं. तो हो म्हणाला तरच पान्याला हात लावायचा.

हे सगळं ज्या कामात एकत्र आलं, ते काम डॉक्टर सबनीसबाईंचं.

बाई येरवड्याला राहायच्या आणि वाघोलीत त्यांचा दवाखाना होता. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. वाघोली तेव्हा गावच होतं, नगर रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं होती. बाई साठीच्या पुढे गेलेल्या, एकट्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायात जोर नव्हता. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. म्हणून त्यांच्या निळ्या हेराल्डच्या गिअरच्या दांड्याला जोडून एक मूठ बसवलेली होती. ती आवळली की क्लच दबायचा, आणि त्याच हाताने गिअर बदलायचा. ही करामत भवानी पेठेतल्या युसुफमिस्त्रींच्या वडिलांची. ते वारले होते. लेथ आता युसुफमिस्त्री चालवायचे.

बाई दुकानात आल्या त्या काठी टेकत, रिक्षाने. त्यांनी पर्समधून बँडेजच्या कापडात गुंडाळलेली एक जड वस्तू काढली आणि काउंटरवर ठेवली. नमुन्याची पद्धत त्यांना माहीत होती.

शेठांनी कापड उलगडलं. "डॉक्टरीणबाई, पेशंट मेलेला आणलात."

"म्हणून तर तुमच्याकडे आणला," बाई म्हणाल्या. "जिवंत असता तर मीच पाहिला असता."

तो हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा होता. चाक त्याच्या आधाराने उभं राहतं आणि वळतं. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि ते आटे पितळेच्या एका ठोकळ्यात बसतात. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. चाक वळलं की दांडा ठोकळ्यात बोल्टसारखा थोडा वर-खाली फिरतो. दांडा नेमका आट्यांपाशी तुटला होता. दवाखान्याच्या दारात गाडी वळवताना चाक आत दुमडलं आणि गाडी नाक टेकून बसली. वेग नव्हता म्हणून बाईंना खरचटलंही नाही.

तो का तुटला ते मी तुटक्या टोकाकडे बघूनच सांगितलं. आत तांबूस गंज आणि वाळलेलं ग्रीस होतं. हेराल्डच्या या ठोकळ्यात ग्रीस घालायचं नसतं, गिअरचं जाड तेल घालायचं असतं. ग्रीस आट्यांच्या आतपर्यंत पोचत नाही, पाणी पोचतं. पण बाकी सगळ्या गाड्यांना तिथे ग्रीस लागतं. त्यामुळे सर्व्हिसिंग करणारा कितीही चांगला असला तरी हात सवयीने ग्रीसच्या पंपाकडेच जातो. हेराल्डवाल्यांच्या आयुष्यातली ही हमखास चूक.

"मिळेल का?" बाईंनी विचारलं.

"डावा आहे," मी म्हणालो.

डाव्याचं दुखणं असं की डाव्या चाकाच्या दांड्याला डावे, म्हणजे उलट्या दिशेने फिरणारे, आटे असतात आणि उजव्याला उजवे. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जाते, खड्डे कडेलाच जास्त. त्यामुळे डावा भाग नेहमी आधी संपतो. आमच्या फळीवर उजवे होते, डावा नव्हता.

बाई खुर्चीवर बसल्या. "ढवळे, तुम्हाला स्पष्ट सांगते. माझ्या परवान्यावर या एका गाडीचा नंबर आहे. दुसरी गाडी घ्या, तिच्यात मूठ बसवा, ती पास करून घ्या, या वयात पुन्हा परीक्षा द्या, हे मला कुणी करू देणार नाही. दिवाळीत पुतण्या येतोय बंगलोरहून. मला घेऊन जायला. भंगारवाला त्याने फोनवरच ठरवलाय. गाडी बंद म्हणजे दवाखाना बंद, असं त्याचं साधं गणित आहे."

"रिक्षाने जाता की सध्या," शेठ म्हणाले.

"जाते. रिक्षावाला उन्हात थांबत नाही, आणि बाळंतीण घड्याळ बघून येत नाही."

शेठ गप्प बसले. ते गप्प बसले की काम घेतलं असं समजायचं.

मी आधी पेठ पालथी घातली. मग रविवारी जुना बाजार. मग मुंबईच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो छातीठोकपणे म्हणाला, डावा आहे, खोक्यावर नंबर आहे. पार्सल आलं. खोक्यावर नंबर डाव्याचाच होता. मी आमच्याकडचा उजवा ठोकळा घेऊन त्या दांड्यावर फिरवला, तो अगदी लोण्यासारखा बसला. म्हणजे दांडा उजवा. कारखान्यातून निघाल्यापासून तो चुकीच्या खोक्यात झोपला होता. खोकं इतकं सुरेख, कोरं होतं की मला ते परत पाठवताना वाईट वाटलं.

मग युसुफमिस्त्रींकडे गेलो. लेथवर डावे आटे काढणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी तुटका दांडा हातात घेतला, उजेडात धरला, अंगठा फिरवला.

"करून देईन," ते म्हणाले. "हुबेहूब देईन. पण गाडी कोण चालवणार?"

"सबनीसबाई."

"मग नाही देणार."

"मिस्त्री, तुमच्या वडिलांनीच तर ती मूठ…"

"म्हणूनच. हे तापवून, ठोकून घडवलेलं पोलाद आहे, ढवळे. मी सळई कापून बनवणार. दिसायला सारखाच होईल. पण रस्त्यात तुटला तर अब्बांनी बसवलेली मूठ हातात धरून बाई जातील. तुम्ही खरा शोधा."

खऱ्याचा पत्ता जुन्या बाजारातच लागला. पुढच्या रविवारी एका भंगारवाल्याने सांगितलं की वाघोलीत एका बागायतदाराच्या गोठ्याशेजारी पांढरी हेराल्ड उभी आहे. तो मागे विचारायला गेला होता, म्हाताऱ्याने कुत्रं सोडलं.

वाघोली म्हटल्यावर मी आधी बाईंकडे गेलो. त्यांना ते घर माहीत होतं. "दगडूनानांचं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं मी केलीत. दुसरं फार अडलं होतं."

मला वाटलं, काम झालं. "मग तुमचं नाव सांगतो."

"अजिबात नाही." बाई इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी चमकलो. "माझं नाव घेतलंत तर ते नाही कसं म्हणतील? वीस वर्षांनी बिल पाठवल्यासारखं होईल ते. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जा. दिलं तर दिलं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर बंगलोरला हवा चांगली आहे म्हणतात."

मी बसने वाघोलीला गेलो. गोठ्याशेजारी पत्र्याच्या छपराखाली ती पांढरी हेराल्ड होती. धूळ होती, पण गंज कमी. आत स्टिअरिंगसमोर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. दार उघडं, एक पाय बाहेर. तेच दगडूनाना. त्यांचा मुलगा सोपानराव ट्रॅक्टर धूत होता. मी त्याच्याशी बोलायला लागलो.

"एक पार्ट कशाला, आख्खी न्या की," सोपानराव म्हणाला. "जागा आडवून बसलीया. ट्रॅक्टर उन्हात, आन ही सावलीत."

"नाना काय म्हणतात?"

त्याने आवाज खाली आणला. "नाना दुपारी जेवून झोपत्यात. तवा या. तुमी पार्ट काढून न्या, त्यास्नी काय कळणार हाय?"

आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. "मला ऐकू येतं हाय, सोपान," नाना म्हणाले.

मी तसाच परत आलो आणि शेठांना सांगितलं. दिवाळी जवळ आली होती, आणि खरं सांगायचं तर सोपानरावाचं म्हणणं माझ्या डोक्यात घोळत होतं. कायद्याने गाडी त्याच्या नावावर झालेली होती. तसं मी बोलूनही दाखवलं.

शेठांनी चष्मा पुसला. "त्या गाडीत बसलं कोण होतं?"

"नाना."

"मग तुम्ही मला काय विचारताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. नाना गाडीतच होते. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून विचारलं, "बसू का?"

"बसा. कुठं जायचं हाय?"

मला हसू आलं. मी शेजारी बसलो. समोर गोठ्याची भिंत. नानांनी सांगितलं की गावात पहिली मोटार त्यांची. ही घेतली तेव्हा लोक बैलगाडीतून उतरून बघायचे. नगरपर्यंत एका दमात जायची. बोलता बोलता ते स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवत होते. ते हलकं फिरत होतं. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं स्टिअरिंग जड व्हायला हवं. मी खाली उतरून चाकामागे हात घातला. बोटाला तेल लागलं. ताजं, जाड, काळसर तेल.

"नाना, याला ग्रीस नाही घालत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाईला पेट्रोल पाजायला सांगितलं. "इकताना त्या माणसानं सांगितलं व्हतं, हिला तेल घालायचं. दर दसऱ्याला घालतो."

"पण गाडी तर उभी आहे."

"गाडी उभी हाय. दसरा येतोच की."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. डावा दांडा, डावे आटे, कुठेच मिळत नाही, एक बाई आहेत, स्वतः चालवतात, गाडी बंद पडली तर त्यांचं काम बंद. नाव घेतलं नाही. तो दांडा काढला तर तुमची गाडी पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपर उघडला.

"न्हाई," म्हणाले.

मी उठलो. दार लावून निघालो, तेवढ्यात ते म्हणाले, "गाडी कोणच्या रंगाची?"

मी थांबलो. रंग सांगायला बाईंनी बंदी केलेली नव्हती. पण सांगावं की नाही ते कळेना.

"निळी ना," नाना म्हणाले. "नगर रोडला हेराल्ड दोनच. दुसरीचा आवाज मी वळखतो. महिना झाला, आला न्हाई. मला वाटलं, बाई आजारी हायेत." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "आधी का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"बिल पाठवल्यासारखं व्हईल म्हनल्या असतील."

मी मान हलवली.

"बाई हट्टी हाय," नाना म्हणाले. मग पेपरची घडी घातली. "न्या. पर माझी गाडी नाक टेकून बसली न्हाई पायजे. सकाळचं मी हिच्यात बसतो. वाकडं बसायला मला जमायचं न्हाई."

हे मी युसुफमिस्त्रींना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते लेथवर दुसरा दांडा बनवून देतील. उभ्या गाडीला काय, चालायचं थोडंच आहे. त्यांनी मान हलवली. "आज उभी आहे. उद्या नाना नसतील. सोपानराव कुणाला तरी विकेल, तो बॅटरी टाकून रस्त्यावर काढेल. त्याला काय माहीत, युसुफने सळई घातलीय." त्यांनी सबनीसबाईंचाच तुटका दांडा घेतला, तुटलेलं टोक ठोकळ्यात बसवलं आणि दोन्ही असे काही जखडून टाकले की गाडीचं वजन त्यावर आयुष्यभर राहील, पण चाक वळणार नाही. "आता कुणी चालवायची म्हटली तरी चालवता येणार नाही," ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटलं. पण त्याचा अर्थ काय होतो ते लक्षात आलं, आणि तो नानांना सांगायचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही दोघं हत्यारं घेऊन वाघोलीला गेलो. गाडी जॅकवर उचलण्याआधी मी म्हणालो, "नाना, एक राहिलं. हे बसवलं की स्टिअरिंग फिरणार नाही. पुन्हा कधीच."

सोपानराव म्हणाला, "त्यास्नी काय फरक पडतो?"

नाना सोपानरावाकडे वळलेही नाहीत. त्यांनी आत हात घालून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे फिरवलं, मग पूर्ण उजवीकडे, मग सरळ केलं. चाकं बरोबर समोर आली आहेत का ते वाकून बघितलं.

"सरळ हायेत," म्हणाले. "असंच जखडा. वाकडं तोंड करून उभी न्हाई राहायची."

आम्ही दांडा काढला. आटे असे होते की जणू कालच कारखान्यातून आले. मिस्त्री ते फडक्यात गुंडाळताना काहीतरी पुटपुटले. जखडलेला दांडा बसवला, जॅक सोडला, गाडी चार चाकांवर टेकली. नाना आत जाऊन बसले, जरा इकडेतिकडे सरकून बघितलं. "बरोबर हाय," म्हणाले, आणि पेपर उघडला. मोबदल्याचा विषय मी काढला, तो त्यांनी पेपरातून वर न बघता संपवला.

बाईंच्या गाडीला तो दांडा बसला. पुतण्या दिवाळीत आला तेव्हा बाई त्याला घ्यायला स्टेशनवर स्वतः गेल्या. तो दुसऱ्याच दिवशी आमच्या दुकानात आला. मला वाटलं, आभार मानायला. तो म्हणाला, "तुम्ही तिला उगाच चढवताय." शेठ म्हणाले, "तरुण माणसा, आम्ही पार्ट विकतो. चढायचं त्या आधीच चढल्या होत्या." तो काही वाईट मुलगा नव्हता. काळजी करत होता. आज माझी मुलं माझी करतात, तेव्हा मला त्याची बाजूही समजते.

बाईंनी त्यानंतर पुष्कळ वर्षं दवाखाना चालवला. डोळे अधू झाले तेव्हा गाडी आपणहून थांबवली. कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षापासून दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी तेलाचा डबा आणि पिचकारी घेऊन बसने निघायचो. सर्व्हिसिंगवाल्यांवर मी पुन्हा विश्वास ठेवणार नव्हतो. आधी येरवड्याला बाईंच्या गाडीत तेल घालायचं. मग त्या मला त्याच गाडीतून वाघोलीला सोडायच्या, मला चालवता येत नाही म्हणून वाटेत चेष्टा करत. त्या दवाखान्यात जायच्या, मी नानांकडे. नाना आता स्वतः खाली वाकू शकत नव्हते. मी उजव्या चाकाच्या ठोकळ्यात तेल घालायचो. तो अजून फिरण्यासारखा होता, जरी जोडीचा जखडल्यामुळे फिरत नव्हता.

पहिल्या वर्षी उजवीकडचं झालं आणि मी पिचकारी पुसायला घेतली. नाना आतून बघत होते.

"त्या बाजूचं?"

"नाना, त्याला तेल घालून उपयोग नाही. आत जायला वाटच नाही. मिस्त्रींनी बंद केलंय सगळं."

"मला ठावं हाय."

मी वळसा घालून डाव्या बाजूला गेलो, गुडघे टेकले आणि त्या जखडलेल्या ठोकळ्यावर वरूनच चार थेंब सोडले. तेल पितळेवरून ओघळून मातीत गेलं. नाना असेपर्यंत दर वर्षी घालत राहिलो.